ऊस उभा होता तोवर

थंडी पडायला लागली की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिबट्या येतो. खरा येतो तो वर्षाआड कधीतरी, नाल्याकडच्या बाजूने, आणि कुणाच्या तरी सीसीटीव्हीत शेपटीपुरता दिसून निघून जातो. पण ग्रुपवर तो रोज असतो. कुणी गेल्या वर्षीचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकतं, कुणी दुसऱ्याच शहरातला. मग 'पिंजरा लावा', 'पिंजरा का लावत नाहीत' सुरू होतं. आणि शेवटी कुणीतरी लिहितं, "मॅडमना विचारा, त्या निफाडकडे होत्या." मॅडम म्हणजे मी. जणू मी तिकडे बिबट्याकडेच नोकरीला होते.

मी दरवर्षी तेच लिहिते. मटणाचं उरलंसुरलं उघड्यावर टाकू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. दिवेलागणीनंतर पोरांना एकटं खाली सोडू नका. दिसलाच तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका; ताठ उभे राहा आणि हळूहळू मागे सरका. गर्दी करून त्याला कोंडू नका, जायला वाट ठेवा. आणि अंधारात चालताना मोठ्याने बोलत चला. या शेवटच्या वाक्यावर दरवर्षी कुणीतरी हसतं. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "पण बोलायचं काय त्याच्याशी?"

काकांनी थट्टेत विचारलं होतं. मी मात्र फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता, गाणी लावून. बोलायचं काय, हे मी ऐकलं आहे. एक अख्खा हिवाळा ऐकलं आहे.

निफाड तालुक्यातल्या एका छोट्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीबाहेर कधी एकटी राहिले नव्हते. खोली मिळायला वेळ लागला. आडनाव विचारून मग "कळवतो" म्हणणारे बरेच भेटले. तारामाईंनी आडनाव विचारलं नाही. "एकल्याच ऱ्हाताल ना? भीतीबीती?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गोठ्याशेजारची खोली झाडायला घेतली. त्यांचं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. पुढे द्राक्षबाग, मागे ऊस. त्यांच्या यजमानांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा उंच, हडकुळे, आणि बोलायचे इतके कमी की पहिले दोन दिवस मला वाटलं, त्यांना मी आलेली आवडलेली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दाराला आतून नवा अडसर बसवून दिला आणि न बोलता निघून गेले.

उसाच्या पलीकडच्या बाजूला आणखी एक घर दिसायचं. दोन्ही घरांतून निघालेल्या पायवाटा एका कडुलिंबाखाली मिळायच्या आणि तिथून एकच गाडीवाट उसाच्या मधून डांबरी रस्त्याकडे जायची. पहिल्याच आठवड्यात मी आप्पांना सहज विचारलं, "तिकडे कोण राहतं?"

"शेजारी," आप्पा म्हणाले.

ते शेजारी म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, दत्तू. हे मला तारामाईंनी चुलीपुढे बसून सांगितलं. बांधावर एक चिंचेचं झाड होतं, बापाने लावलेलं. बाप गेल्यावर वर्षाच्या आत दत्तूने ते न विचारता तोडलं, द्राक्षांवर सावली पडते म्हणून. आप्पा त्या दिवशी जे गप्प झाले ते झालेच. सात वर्षं झाली होती. एका विहिरीचं पाणी दोघं पीत होते, एका डेअरीला दूध घालत होते, समोरासमोर आले तर एक जण आभाळाकडे बघत होता आणि दुसरा चपलेकडे. "भांडले असते तर बरं झालं असतं," तारामाई म्हणाल्या. "भांडण मिटतंय. ह्यांचं भांडणच झालं नाय, तर मिटायचं कसं?"

आप्पांच्या घरी त्या वर्षी लग्न होतं. थोरली लेक, सोनी, तिचं माघात ठरलं होतं. सोनी दत्तूच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. चुलता मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं ती आईला म्हणाली होती, आणि ते बापाला सांगायची हिंमत आईला होत नव्हती. मी त्या घरात भाडेकरू म्हणून गेले आणि पंधरा दिवसांत या काळजीची वाटेकरीण झाले.

निफाडची थंडी हा तिथल्या लोकांच्या अभिमानाचा विषय आहे. एखाद्या सकाळी नळाला पाणी यायचं नाही, पाइपातच गोठलेलं असायचं. पहाटे द्राक्षबागांमधून जागोजाग शेकोट्या पेटायच्या, घडांना गारठा बाधू नये म्हणून, आणि सगळ्या शिवारावर धुराचा एक थर कंबरेएवढ्या उंचीवर अडकून राहायचा. माणसं त्यातून चालत यायची तेव्हा आधी डोकी दिसायची. आणि या सगळ्याच्या मागे ऊस. वारा नसतानाही उसाचं पान पानाला लागून आवाज होत राहतो. सुरुवातीला मला त्या आवाजाने झोप लागायची नाही. पुढे सवय झाली, आणि तीच सवय धोक्याची आहे असं वनरक्षक मॅडम म्हणाल्या.

या मॅडम शाळेत आल्या त्याचं कारण वस्तीवरचं एक वासरू गेलं होतं. त्यांनी पोरांसोबत त्यांच्या आयाबापांनाही बोलावलं. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. त्यांनी फळ्यावर दोन ठसे काढले. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या ठशात उमटत नाहीत, तो नखं आत ओढून चालतो. दुसऱ्या दिवसापासून माझी पोरं शाळेला येताना दिसेल त्या ठशावर घमेलं पालथं घालून यायची, "बाई, बघायला चला" म्हणून. नव्वद टक्के कुत्री निघायची. पण ज्या दिवशी नख नसलेला, गोल, ओल्या मातीत नुकताच उमटलेला ठसा निघाला त्या दिवशी मला भीती वाटायला हवी होती, आणि मी मात्र उकिडवी बसून त्यात आपला तळवा ठेवून बघत होते. एका पोरीने मला दंडाला धरून उभं केलं. "बाई, बसायचं नाय," ती म्हणाली. "बसलं की आपण त्याला शेळी दिसतो."

मॅडमनी सांगितलेल्यातलं मला सर्वांत नवल वाटलं ते हे. यातले कित्येक बिबटे उसातच जन्मलेले असतात. डोंगर, झाडी त्यांनी बघितलेलीच नसते. त्यांना ऊस हेच रान. आणि ते रान दर हिवाळ्यात माणसं येऊन कापून नेतात. तेव्हापासून तोडीला आलेल्या उसाकडे बघताना माझ्या मनात दोन विचार एकदम यायचे, आणि दुसरा त्या जनावराच्या बाजूने असायचा. त्याला आमचं वेळापत्रक ठाऊक असतं, असंही मॅडम म्हणाल्या. कुणाचा दिवा किती वाजता जातो, कुणाचं कुत्रं बांधलेलं असतं, सगळं. म्हणजे शाळेची घंटाही त्याला माहीत असणार. मी त्याला बघितलेलं नव्हतं, त्याने मला रोज बघितलेलं असणार, हे मनातून जाईना. आई नाशिकरोडहून फोन करायची आणि जयभीम म्हणायच्या आधी विचारायची, "आज आला होता का गं?" जसं काही मला मागणी घालायला.

त्या सभेनंतर डेअरीच्या सचिवाने फर्मान काढलं. उसातून एकट्याने दूध घेऊन येणाऱ्याचं दूध घेतलं जाणार नाही. जोडीने यायचं आणि बोलत यायचं. बाकीच्या वाटांवर हे सोपं होतं. आमच्या गाडीवाटेवर घरं दोनच.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम उठून आप्पांच्या मागे गेले. सांगायला म्हणून व्यायाम, पण खरं कारण कुतूहल. कडुलिंबाखाली दत्तू कॅन घेऊन उभे होते. कानाला मफलर, मिशीवर दव. आप्पा आले, त्यांच्याकडे न बघता पुढे झाले. दत्तू दहा पावलं मागे. सगळ्यांत मागे मी. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस, वाट जेमतेम गाडीपुरती, आणि तिघंही गप्प. सभेत सांगितलेली एकच गोष्ट आम्ही करत नव्हतो. शंभरेक पावलं गेल्यावर आप्पा खाकरले आणि उसाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का, पाव्हणं? दूध घेऊन चाललोय. तुमी तिकडंच थांबा."

मागून थोड्या वेळाने आवाज आला, "मी बी हाय बरं का, पाव्हणं."

अनोळखी माणसाला आपल्याकडे पाव्हणं म्हणतात, आणि आदराने म्हणतात. तेव्हा त्या बिबट्याचं नाव तेच पडलं. पहिले काही दिवस ते दोघं त्याला हवापाण्याचं सांगत होते. थंडी लय हे, पाव्हणं. पाटाला पाणी सुटलंय, पाव्हणं. मग एके दिवशी आप्पा म्हणाले, "पाव्हणं, वरच्या बाजूच्या बागेत डावणी दिसू राह्यली. ज्याची बाग असंल त्याने आज फवारलं तर बरं." डावणी हा द्राक्षाचा रोग, एका रात्रीत पान खातो. वरची बाग दत्तूची होती.

मागून उत्तर आलं, "पाव्हणं, ज्यांना लय कळतं त्यांना सांगा, कालच फवारलं."

मला हसू आवरेना. मी मफलर तोंडात धरला. घरी येऊन तारामाईंना सांगितलं तर त्यांनी हातातलं पीठ तसंच ठेवलं. "खरं सांगा बाई, असं म्हनले?" त्यांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले. शनिवारी सकाळची शाळा असायची म्हणून जाणं भागच होतं, पण इतर दिवशीही जायचे. त्या वाटेवर मी जे ऐकलं त्यातलं बरंचसं विसरले, काही जसंच्या तसं आठवतं. "पाव्हणं, काही जणांना साखर निघालीय म्हणे, आन चहात अजून दोन चमचे घेत्यात." हे दत्तू. "पाव्हणं, ज्याचा पाय मोडलाय त्याने कॅन उजव्या हातात धरू नये." हे आप्पा, दत्तू पायाने थोडे अधू होते, मोटरसायकलवरून पडून. "पाव्हणं, आईच्या गोधड्या दोन होत्या. एक आमच्याकडं हाय. कुणाला पाहिजे असंल तर." याला त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, "पाव्हणं, गोधडी असू द्या तिथंच. बघायला येऊ कधीतरी." त्यात 'तू' हा शब्द मात्र कधीच नसायचा. ज्याची बाग असेल तो, ज्याला कळतं तो, काही जण, कुणी. दोघांच्या मध्ये एक न दिसणारं जनावर होतं आणि ते दोघं त्याच्याशी आदराने बोलत होते.

त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. मॅडमना मी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "त्याला एवढंच कळतं की माणूस येतोय आणि त्याला आपण इथे असल्याचं माहीत आहे. तो बाजूला होतो. दचकलेला बिबट्या वाईट, सावध केलेला नाही." पण रोज तेच दोन आवाज, त्याच वेळेला. ओळखत नसेल का? मॅडमनी खांदे उडवले. मला वाटतं, ओळखत असणार. निदान पुढे कोण आणि मागे कोण, एवढं तरी.

तोड जवळ आली. कारखान्याची टोळी शेजारच्या शिवारात पोचली. एरवी शेतकरी आपला ऊस लवकर जावा म्हणून मुकादमाच्या मागे फिरतो, कारण उभा ऊस वाळतो, वजन घटतं. आणि इकडे तारामाई मुकादमाला चहा पाजून म्हणत, "आमची घाई नाय बरं का. आधी बाकीच्यांचा घ्या." मुकादम गोंधळला. मला एकटीला कारण ठाऊक होतं. "ऊस हाय तवर बोलणं हाय, बाई," त्या मला म्हणाल्या. "ऊस गेला की ह्यो आभाळाकडं, त्यो चपलेकडं." लग्नाला महिना राहिला होता. पत्रिका छापून आल्या होत्या आणि दत्तूच्या नावाची पत्रिका देवापुढे पडून होती.

आप्पांच्याही मनात तेच असणार. एका सकाळी ते घसा साफ करून म्हणाले, "पाव्हणं, माघात आमच्या पोरीचं लगीन हाय. सगळ्यांनी यायचं."

मागची पावलं थांबली. मीही थांबले.

"पाव्हणं," दत्तू म्हणाले, आणि त्यांचा आवाज कडक होता, "लग्नाचं आवतण वाटंवर देत नसत्यात. उंबऱ्यावर येऊन, नाव घेऊन द्यावं लागतं. तुमास्नी माहीत नसंल, तुमी जनावर हायसा."

आप्पा कॅन दुसऱ्या हातात घेऊन पुढे चालू लागले. तारामाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दत्तूचं बरोबर हे." मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पण ह्यो मानूस जायचा नाय." मला आप्पांचा राग आला. इतका सोपा, दोनशे पावलांवरचा उंबरा, आणि हा माणूस रोज रानातल्या बिबट्याला सामोरा जातो. तसं मी बोलूनही दाखवलं, तेवीस वर्षांच्या बाईला शोभणार नाही अशा फटकळपणे. आप्पांनी ऐकून घेतलं.

टोळी अखेर आलीच. आठवडाभरात ऊस आडवा होत गेला. लपलेलं सगळं शिवार उघडं पडायला लागलं. उसापलीकडे नदी एवढी जवळ आहे हे मला तेव्हा कळलं. शेवटची एक पट्टी गाडीवाटेला लागून उरली, आणि तिच्यात एका शुक्रवारी दुपारी कोयत्यावाल्या बायकांना पाचटात दोन पिल्लं दिसली. डोळे नुकते उघडलेली. काम थांबलं. मॅडम आल्या, पिल्लं जीपकडे नेऊन डॉक्टरांनी तपासली. गावाने एवढंच बघितलं, की फॉरेस्टवाल्यांनी पिल्लं नेली. खरं तर ऊन उतरल्यावर मॅडमनी ती द्राक्षाच्या क्रेटमध्ये घालून पुन्हा जिथल्या तिथे आणून ठेवली. आई न्यायला येते, त्या म्हणाल्या. एकेक करून नेते. तिला निवांतपणा हवा. उद्या उजाडून चांगलं ऊन येईपर्यंत गाडीवाटेवर कुणीही यायचं नाही. दूध पाटाच्या कडेने, लांबून न्यायचं. जीप डांबरी रस्त्याच्या तोंडाशी उभी राहील.

"त्या घरात कोण सांगेल?" त्यांनी दत्तूच्या घराकडे बोट केलं.

"सांगतो," आप्पा म्हणाले.

दत्तू त्या दिवशी सकाळपासूनच नाशिकला गेले होते. दिवेलागणीला आले. आप्पा बांधापर्यंत गेले, हे मी माझ्या दारातून बघितलं. मला वाटलं, पुढे जातील. ते तिथेच थांबले, अंधारलेल्या मोकळ्या रानाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "पाव्हणं, उद्या सकाळी वाट बंद हाय बरं का. पिल्लं तिथंच ठिवलीत. पाटाकडून जायचं." दोनदा म्हणाले आणि परत आले. तिकडे दत्तूच्या घरी पाण्याची मोटर चालू होती. सात वर्षं ज्या माणसाने भावाला एक शब्द थेट सांगितला नाही, त्याला त्या क्षणी आपण सांगितलं असंच वाटत होतं. आणि मी? मी पत्रिकेचा राग धरून बसले होते. मी उठून दोनशे पावलं जाऊन सांगू शकले असते. आप्पा सांगतो म्हणाले आहेत, एवढं म्हणून मी दार लावलं. याची खंत मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आप्पा आणि मी पाटाच्या भरावावरून चाललो होतो. भराव उंच, खाली तोडलेल्या उसाची खोडकी, धूर विरत चाललेला, उजेड फटफटलेला. आप्पा मागे वळून वळून बघत होते. दत्तू मागून यायला हवे होते आणि येत नव्हते. मग त्यांनी डावीकडे बघितलं आणि त्यांच्या हातातला कॅन खाली आला. खाली गाडीवाटेवर, त्या शेवटच्या पट्टीच्या कडेला, दत्तू एकटे चालले होते. कडुलिंबाखाली वाट बघून, कुणी येत नाही म्हणून निघालेले. बोलायला कुणी नव्हतं म्हणून गप्प.

आप्पा भरावावरून उतरले आणि खोडक्यांतून झपाझप निघाले. मी त्यांचा कॅन उचलून मागे. आम्ही हाकेच्या अंतरावर असताना दत्तू थांबले, कॅन खाली ठेवला, आणि चपलेचा अंगठा निसटला होता तो बसवायला खाली वाकले.

उसातून ती बाहेर आली. मी त्या हंगामात बिबट्या बघितला तो एवढाच. मला वाटलं होतं त्याहून लहान, आणि मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त पिवळी. पोट जमिनीला लागलेलं, कान मागे, आणि नजर दत्तूच्या वाकलेल्या पाठीवर. मधे आठ-दहा पावलं असतील. जे वर्गात पोरांकडून पाठ करून घेतलं होतं त्यातलं काहीही मला आठवलं नाही.

आप्पा मात्र थांबले, ताठ झाले, आणि रोजच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "पाव्हणं, भाऊ हाय माझा त्यो."

दत्तूंनी मान वर केली. ते ऐकूनच ते उठून उभे राहिले असणार, बिबट्याला बघून नाही. तिच्याकडे त्यांची पाठ होती. ते उभे राहिले तशी ती एक पाऊल मागे सरकली. वाकलेलं काहीतरी होतं, त्याचा एकदम माणूस झाला. "पळू नको," आप्पा म्हणाले. "पाठ तिकडं हाय तुझी. सावकाश वळ. हां. आता मागं मागं ये माझ्याकडं. मी हाय." तोवर मला शुद्ध आली आणि मी कॅनचं झाकण कॅनवर आपटायला लागले. ती आमच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिने आम्हा तिघांना एकेक करून बघितलं. मग वळली आणि उसात गेली, आणि पानं जिथे हलली तिथे पुन्हा स्थिर झाली.

नंतर मॅडमनी तिथे लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यात दिसलं, एक पिल्लू तिने अंधार असतानाच नेलं होतं. दुसऱ्यासाठी ती परत आली होती. आम्ही गेल्यावर, ऊन चढायच्या आत, तिने तेही नेलं.

आम्ही भरावावर येऊन बसलो. आप्पा त्यांच्यावर ओरडले, "अक्कल हाय का तुला? वाट बंद हाय म्हनून सांगितलं नव्हतं?"

"कुणी सांगितलं?" दत्तू म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाय."

आप्पांनी वळून बांधाकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते. संध्याकाळचा तो बांध, ते मोकळं रान, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते म्हणाले, "माझं चुकलं, दत्तू." त्या दिवशी डेअरीत त्यांचं दूध गेलं नाही. मी शाळेत उशिरा पोचले आणि पोरांना काहीच शिकवलं नाही.

संध्याकाळी तारामाईंनी हळदीकुंकू, अक्षता, पत्रिका ताटात घेतली. मलाही सोबत नेलं. दत्तूच्या उंबऱ्याशी आप्पा उभे राहिले आणि त्यांना शब्द सुचेना. दिवसभरात संपले असावेत. समोर भाऊ, मधे काही नाही. त्यांनी दत्तूच्या खांद्यावरून पलीकडे, जिथे ऊस होता तिकडे बघितलं आणि सवयीने सुरुवात केली, "पाव्हणं..."

"पाव्हणं गेलं," दत्तू म्हणाले. "माझ्यासंगं बोल."

मग आप्पा बोलले. नाव घेऊन, तारीख वार सांगून, घरचे सगळे. दत्तूंनी पत्रिका कपाळाला लावली. आत त्यांची बायको मोठ्याने रडत होती आणि तारामाई तिला हसत होत्या, स्वतः रडत.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी ग्रुपवर लिहिलं नाही. लांबलं असतं. त्याऐवजी परवा संध्याकाळी तारामाईंना फोन लावला. तोड सुरू झाली का, यंदा कुणी दिसलं का, असं विचारायचं होतं. बिबट्या अजून तसाच आहे तिकडे. ती असेल, किंवा क्रेटमधल्या त्या दोघांतलं कुणी, आता मोठं होऊन आपली पिल्लं घेऊन. मला अजूनही प्रश्न पडतो, तिला आमचे आवाज आठवत असतील का. तारामाईंनी फोन उचलला, पण मागे एवढा आरडाओरडा चालला होता की मला काही ऐकू येईना.

"काय झालं, माई?"

"काय नाय. दोघं भाऊ हायेत. पाण्याच्या पाळीवरून लागलंय सकाळपासनं."

"मग थांबवा ना."

"कशाला?" तारामाई म्हणाल्या. "थांबा, ऐका तुमी." आणि त्यांनी फोन ओसरीकडे धरला असावा, कारण आवाज जवळ आला. आप्पा म्हणत होते, तूच बंद केलंस, तुला कितीदा सांगितलं. दत्तू म्हणत होते, तू आलास का बघायला, तुला काय माहीत. ग्रुपवर तोवर कुणीतरी नवा व्हिडिओ टाकला होता, फोन कानाशी थरथरत होता. मी तो बघितला नाही. मी ऐकत राहिले. दर वाक्यात 'तू' होतं.